गुण बरोबर गुण अधिक एक

माझ्या वहिनींची शाळेतली नोकरी यंदा मे महिन्यात संपली. त्याआधी मार्चमधल्या एका शनिवारी, शाळेच्या वार्षिक प्रदर्शनात, त्यांनी पालकांसमोर आणि व्यवस्थापनासमोर संगणकावर एक खेळ बनवून दाखवला होता. तो त्या माझ्या धड्यावरून शिकल्या होत्या.

वहिनी बेंगळुरूजवळच्या होसकोटेतल्या एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चित्रकला शिकवत. मूळच्या खानापूरकडच्या. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग चित्रकलेची पदविका, मग लग्न आणि बेंगळुरू. कन्नड त्यांना लहानपणापासून येते. वर्गात त्या कन्नडच बोलत. इंग्रजीही वाचता येते, पण सलग परिच्छेद आला की त्या ओळीखाली बोट ठेवतात आणि बोट मध्येच थांबते. माझा भाऊ तिथल्याच औद्योगिक वसाहतीत पाळीवर आहे. मी त्या दोघांकडे राहतो.

त्याआधी मी बेळगावात एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर होतो. तिथली आवृत्ती बंद झाली तेव्हा व्हाइटफील्डमधल्या एका कंपनीत लागलो. कंपनीचे संकेतस्थळ नवख्यांना संगणकावरचे छोटे खेळ बनवायला शिकवते. चित्रे, मैदान, आवाज तयार मिळतात. कोणती वस्तू कधी हलेल, कशाला लागली की काय होईल, हे मात्र ओळी लिहून सांगावे लागते. त्या ओळींना स्क्रिप्ट म्हणतात. ती कशी लिहायची याचे धडे कंपनी काही भारतीय भाषांत देत होती, त्यातले मराठी धडे माझ्याकडे आले. मला स्वतःला स्क्रिप्ट येत नव्हती. मुलाखतीत सांगण्यात आले की तीच जमेची बाजू आहे. ज्याला कालपर्यंत येत नव्हते तो नवख्याला नीट सांगेल. डेस्कवर आम्हाला शिकवलेही तेच होते. वाचकाला काही माहीत नाही असे धरून लिहायचे, अवघड शब्द पहिल्यांदा आला की तिथेच फोडून सांगायचा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या मुख्याध्यापिकांनी वहिनींना बोलावून घेतले. पुढच्या वर्षीपासून चित्रकलेचा स्वतंत्र तास राहणार नव्हता. त्या जागी संगणकावर खेळ बनवण्याचा तास येणार होता. चित्रे काढणाऱ्या शिक्षिकेला ते जमेल असे व्यवस्थापनाला वाटत होते. मार्चच्या प्रदर्शनात वहिनींनी एक साधा खेळ सगळ्यांसमोर बनवून दाखवावा. जमले तर तास त्यांचा, नाही तर नवीन शिक्षिका घेतली जाईल.

त्या संध्याकाळी वहिनींनी मला विचारले, "भावजी, तुमच्या ऑफिसात हेच शिकवतात की. मला येईल होय?"

येईल, असे मी सांगितले. धडा पूर्ण नवख्यांसाठीच आहे, हेही सांगितले. पहिल्या पानावर तसे छापलेलेच होते.

पहिला धडा आंब्यांचा होता. वरून आंबे पडतात, खाली टोपली असते, ती डावी-उजवीकडे सरकवून आंबे झेलायचे. झेललेल्या प्रत्येक आंब्याला एक गुण. रविवारी सकाळी भाऊ पहिल्या पाळीला गेला की वहिनी स्वयंपाक आवरून माझ्या लॅपटॉपसमोर बसत. मी मदत करायची नाही असे ठरले होते. धडा एकट्याने वाचून समजला पाहिजे, हीच त्याची परीक्षा होती, आणि मलाही ती हवी होती.

पहिल्या रविवारी त्या चौथ्या ओळीवर थांबल्या. ओळ अशी होती: एक चल तयार करा आणि त्याची किंमत शून्य ठेवा. बदलत राहणाऱ्या आकड्याला गणिताच्या पुस्तकात चल म्हणतात आणि कंपनीच्या शब्दसूचीतही तेच होते. वहिनींनी सांगितल्याप्रमाणे ओळ लिहिली, खेळ सुरू केला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

"टोपलीला चल दिलाय की मी," त्या म्हणाल्या. "मग ही हलत का नाही?"

मी विचारले तेव्हा कळले की त्यांनी तो शब्द वर्गात पोरांना म्हणतो तसा घेतला होता. चल, ऊठ. चल, पुढे हो. टोपलीला चालायला लावायचे म्हणून चल तयार करायचा, यात त्यांना काही खटकले नव्हते. किमतीचे मात्र खटकले होते. शून्य किंमत म्हणजे फुकट की, असे त्या म्हणाल्या, आणि फुकटची टोपली कशी चालेल, असे म्हणून हसल्या. त्या दिवशी हसल्या.

ऑफिसात आम्हाला वाचक धड्याच्या कोणत्या ओळीवरून निघून गेला ते दिसत असे. मराठीतले बहुतेक वाचक याच ओळीवरून जात होते. आधी मी ते त्यांच्या कंटाळ्यावर टाकले होते. सोमवारी टीम लीडला सांगितले. ती पुण्याची. तिचे म्हणणे होते की मग सरळ व्हेरिएबल लिही, सगळे तेच म्हणतात. ज्यांना येते ते म्हणतात, असे मी सांगितले. ती म्हणाली, "ठीक आहे, तुला हवं ते एक्स्प्लनेशन टाक. पण एकदाच. ग्लॉसरी अप्रूव्ह होऊन आलीये, मला परत परत ओपन नाही करता येणार."

मसुदा पाठवण्याआधी तो घरी तपासून घेतला. चल काढून डबा आणला. एक डबा घ्या, त्यावर नाव लिहा, त्यात आकडा ठेवा. हे उदाहरण जगभरच्या धड्यांत असते. वहिनींना ते लगेच कळले. पुढच्या ओळी लिहिल्यावर टोपली हलू लागली, आंबे पडू लागले, पहिला आंबा झेलल्यावर कोपऱ्यात एक आला. दुसरा झेलला, तरी एकच. तिसरा झेलला, तरी एकच.

त्यांनी आंबा झेलण्याच्या जागी, डब्यात एक टाका, एवढेच लिहिले होते. मी वाचून पाहिले. लिहिलेले चूक होते, पण धड्याप्रमाणे बरोबर होते. डब्यात एक लाडू होता, आणखी एक टाकला, तर दोन व्हायला पाहिजेत. संगणकाचा डबा तसा नसतो. त्यात नवा आकडा टाकला की जुना नाहीसा होतो. असा डबा कुणाच्या घरात नाही.

त्यानंतरचा आठवडा मी त्या एका परिच्छेदावर घालवला. होसकोटेहून व्हाइटफील्डजवळच्या कडुगोडीला जाणाऱ्या बसमध्ये तो डोक्यात लिहायचा, ऑफिसात उतरवायचा, घरी येऊन खोडायचा. डेस्कवर बातमी कितीही गुंतागुंतीची असली तरी कुठेतरी जमीन लागायची. वाचकाला खून म्हणजे काय, पूर म्हणजे काय, हे ठाऊक असायचे. इथे एक वाक्य समजावे म्हणून त्याच्या खाली दुसरे घालावे लागे आणि ते समजावे म्हणून तिसरे. तळ लागत नव्हता. जे मला स्वच्छ दिसत होते ते नेमके कुठे वाचणाऱ्याला दिसत नाही, हे मला दिसत नव्हते, आणि ते दिसण्याचा वहिनींच्या अडखळण्यापलीकडे दुसरा मार्ग नव्हता. त्या अडखळायच्या आणि मी लिहून घ्यायचो. त्यांना वाटायचे आपण मंद आहोत. तसे त्या भावाला म्हणाल्याही.

शेवटी डबा गेला आणि फळा आला. वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात हजर मुलांचा आकडा लिहिलेला असतो. उशिरा एक मूल येते. बाई आधीचा आकडा वाचतात, मनात एक मिळवतात, जुना पुसतात, नवा लिहितात. स्क्रिप्टची ओळ तेच सांगते: गुण बरोबर गुण अधिक एक. उजवीकडून वाचा. आधीचे गुण बघा, एक मिळवा, पुसा, लिहा.

वहिनींनी ही ओळ दोनदा वाचली. मग उठून त्यांनी हवेत फळा पुसल्यासारखा हात केला आणि बसून ओळ लिहिली. कोपऱ्यातला आकडा एकाचा दोन झाला, दोनाचा तीन.

त्या दिवसापासून त्यांचा वेग वाढला. धड्यातला आंबा म्हणजे एक पिवळे वर्तुळ होते. त्यांनी ते काढून टाकून माऊसने तोतापुरी काढली, चोचीसकट, देठाजवळ हिरवी. टोपलीला वेताची वीण काढली. भाऊ कामावरून येई तेव्हा आम्ही दोघे पडद्याकडे बघत असू. "सकाळपासून दोघं मिळून आंबे झेलताय," तो एकदा म्हणाला. "घरात एक तरी येऊ दे की." हंगाम नव्हता. वहिनी म्हणाल्या, मार्चनंतर बघू.

त्या आकड्याला धड्यात नाव होते गुण. स्क्रिप्ट इंग्रजी अक्षरांतच लिहावी लागते, म्हणून तिथे जी, यू, एन अशी तीन अक्षरे होती. फळ्याचा परिच्छेद टीम लीडला पाठवला, तिने तो घेतला आणि धडा बंद झाला. पुढे बदल होणार नाहीत, हे तिने पुन्हा सांगितले. वहिनींनी खेळ पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत न बघता लिहिण्याचा सराव केला. फेब्रुवारी संपता संपता त्यांना ते बिनचूक येऊ लागले.

प्रदर्शनाला मी नव्हतो. पुढचे वहिनींनी सांगितलेले आहे, आणि त्याच शाळेत कन्नड शिकवणाऱ्या एका बाईंनी त्याला दुजोरा दिला. त्या बाई तेव्हा खोलीत होत्या.

संगणकाच्या खोलीत प्रोजेक्टर लावला होता. पुढच्या बाकांवर मुले, मागे पालक, बाजूला मुख्याध्यापिका आणि व्यवस्थापनातले एक गृहस्थ. हे गृहस्थ इलेक्ट्रॉनिक सिटीत सॉफ्टवेअरमध्ये आहेत. वहिनींनी कन्नडमधून बोलत टोपली आणली, आंबे आणले. तोतापुरी बघून मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग गुणांचा भाग आला. त्यांनी वर्गातल्या फळ्याचे उदाहरण दिले, हात हवेत फिरवला आणि ओळ लिहिली. भिंतीवर ती मोठ्या अक्षरांत उमटली.

पुढच्या बाकावरच्या एका मुलाने ती मोठ्याने वाचली. गन बरोबर गन अधिक एक.

खोली हसली. मुलांनी बोटांच्या बंदुका केल्या आणि एकमेकांवर झाडल्या. मागून एका पालकांनी कन्नडमध्ये विचारले की लहान मुलांच्या खेळात गन कशाला, मिस. तेही हसतच विचारले.

"गन अल्ला, सर," वहिनी म्हणाल्या. गन नाही. "गुण. मार्क्स."

धडा मी लिहिला होता, टीम लीडने वाचला होता, पुण्याहून आणखी एकाने तपासला होता. तिघेही मराठी होतो आणि तिघांनीही ती अक्षरे गुण अशीच वाचली होती. होसकोटेतल्या कन्नड मुलांपुढे ती पहिल्यांदाच आली.

इथपर्यंत काही बिघडले नव्हते, असे कन्नडच्या बाईंचे म्हणणे आहे. व्यवस्थापनातले गृहस्थ मुलांना गप्प करून उठले आणि चांगल्या शब्दांत म्हणाले की नाव बदला, मॅडम, स्कोअर लिहा, म्हणजे झाले.

वहिनी म्हणाल्या, "ते बदलता येत नाही, सर. ते कंप्युटरचं आहे."

"कंप्युटरचं?"

"होय सर. ते असंच लिहावं लागतं."

"कुणी सांगितलं?"

"धड्यात आहे."

गृहस्थ म्हणाले, स्वल्प, थोडं बघा तरी बदलून. वहिनींनी वरच्या पहिल्या ओळीतली तीन अक्षरे खोडली आणि तिथे स्कोअर लिहिले. खाली ज्या ओळीत एक मिळवायचा आणि ज्या ओळीत आकडा कोपऱ्यात दाखवायचा, तिथे जुनेच नाव राहिले. तिथेही ते बदलायचे असते हे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते. त्यांनी खेळ सुरू केला. आंबे थांबले आणि खाली तांबड्या अक्षरांत इंग्रजी वाक्य आले की या नावाचे काही सापडत नाही. ते नाव अर्थात जी, यू, एन होते.

"गन इल्ला, मिस," मुले ओरडू लागली. गन नाही, गन नाही.

वहिनी गृहस्थांकडे वळल्या. "बघा, सर," त्या म्हणाल्या. "सांगितलं होतं. चालत नाही."

कन्नडच्या बाई म्हणतात की त्या क्षणी वहिनींच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखे काहीतरी होते. आपलेच बरोबर निघाले असे त्यांना वाटत होते. मग त्यांनी गृहस्थांचा चेहरा पाहिला.

मुख्याध्यापिका पुढे येऊन म्हणाल्या, "सरी, मिस. साकु." ठीक आहे, पुरे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मंडळी शेजारच्या खोलीत विज्ञानाचे प्रयोग बघायला गेली.

मी ऑफिसातून आलो तेव्हा वहिनींनी साडी बदलून कुकर लावला होता. भाऊ दुसऱ्या पाळीला होता. त्यांनी मला सगळे क्रमाने सांगितले, मुले हसली तेसुद्धा. मग विचारले, "भावजी, ते नाव कुणी ठेवलेलं?"

"मी."

"म्हणजे दुसरं ठेवता आलं असतं."

"होय. कुठलंही. फक्त जिथं जिथं आहे तिथं सगळीकडे बदलायचं."

"हे धड्यात कुठं आहे?"

धड्यात ते नव्हते. कोणता शब्द यंत्राचा आणि कोणता लिहिणाऱ्याने आपल्या मनाने ठेवलेला, हे कुठेही सांगितलेले नव्हते. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. सारख्या अक्षरांत, सारख्या आकारात. ते सांगावे लागते हे मला सुचले नव्हते आणि वहिनी तिथे कधी अडखळल्या नव्हत्या. त्यामुळे मला समजण्याचा मार्गही नव्हता.

कुकरची शिट्टी झाली. वहिनींनी गॅस बारीक केला.

"असूदे," त्या म्हणाल्या. आणि पाठमोऱ्याच, "मला वाटलं, मला कळलंय."

नंतर त्यांनी हा विषय काढला नाही. मी धडा पुन्हा शिकवू का, असे एका रविवारी विचारले. त्या म्हणाल्या, कपडे भिजवलेत. पुढच्या रविवारी मी विचारले नाही.

मेमध्ये मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावून सांगितले की नवीन शिक्षिका घेतली आहे. गनचा विषय बैठकीत निघाला नव्हता, असे कन्नडच्या बाईंना नंतर समजले. तो सगळ्यांनी हसून सोडून दिला होता. चर्चा झाली ती, ते कंप्युटरचं आहे, या एका वाक्याची. हे वाक्य मुलांना शिकवले गेले तर काय, असे त्या गृहस्थांनी विचारले.

मी दुरुस्ती लिहिली. दोन वाक्यांची होती: हे नाव आपण ठेवलेले आहे, यंत्राचे नाही. बदलायचे असेल तर जिथे जिथे आहे तिथे बदला. नावही बदलून आंबे असे केले. त्यात कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत काही वेगळे ऐकू येत नाही, हे तीन कन्नड सहकाऱ्यांकडून तपासून घेतले. टीम लीड म्हणाली की करेक्ट आहे, पण मराठी फ्रीज झाले आहे, आता त्यात बदल नाही. त्याच सुमारास कंपनीने ठरवले की यापुढे सगळ्या भाषांतले धडे इंग्रजीवरून यंत्रानेच तयार होतील. भाषांचे गट बंद झाले. मला मराठीच्या तपासणीला काही आठवडे ठेवले. तपासणी म्हणजे व्याकरण. मजकूर बदलायचा नव्हता.

वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर खुलासा जातो. कुणी वाचत नाही, पण तो छापलेला असतो. इथे आतले पान नव्हते.

यंत्राने केलेला मराठी धडा जुलैमध्ये संकेतस्थळावर आला. फळा त्यात नाही. चौथी ओळ अशी आहे: एक चल तयार करा आणि त्याची किंमत शून्य ठेवा. स्क्रिप्टच्या ओळी जुन्या धड्यातून जशाच्या तशा घेतल्या आहेत. माझी तपासणी त्यानंतर संपली.

वहिनी जूनपासून औद्योगिक वसाहतीत एका पॅकिंग युनिटमध्ये जातात. भाऊ आणि त्या बहुतेक दिवस वेगवेगळ्या पाळीत असतात.

ऑफिसचा लॅपटॉप परत करण्याआधी मी संकेतस्थळावरचे वहिनींचे खाते उघडून पाहिले. खेळ तिथे आहे. तोतापुरी आहे, वेताची टोपली आहे. शेवटचा बदल प्रदर्शनाच्या शनिवारचा आहे. पहिल्या ओळीत स्कोअर आहे, खाली दोन ओळींत जी, यू, एन. खेळ सुरू होत नाही.